रेनबो आयलंड्स : हिरे तानापिहिनिपाजा क्रमाने कसे जमवायचे?

चौकोनी_पिक्सेल

'बबल बॉबल'वर इथे बरंच बोलून झालंय. त्याच्या पुढच्या भागावर मात्र वेगळा धागा नव्हता, म्हणून हा. 'रेनबो आयलंड्स : द स्टोरी ऑफ बबल बॉबल २', ताइतो कंपनीचा आर्केड व्हिडिओ गेम, १९८७, रचनाकार फुकिओ मित्सुजी. पहिला भाग १९८६ चा आणि तोही त्यांचाच. पहिल्या भागात डायनोसॉर झालेले दोघे भाऊ इथे माणसाच्या रूपात आहेत. बुडबुडे गेले, त्यांच्या जागी इंद्रधनुष्य आलं. एका पडद्यात मावणाऱ्या खोल्या जाऊन वर वर सरकणारे उंच राउंड आले. आणखी एक फरक लगेच जाणवतो. पहिला भाग दोघांनी एकदम खेळायचा होता, इथे दोन खेळाडू आळीपाळीने खेळतात. त्यामुळे जोडीदाराच्या भरवशावर खेळायची सवय असणाऱ्यांना हा भाग सुरुवातीला रुक्ष वाटतो.

दिसायला सात बेटं आहेत आणि प्रत्येक बेटावर चार राउंड. चौथ्याच्या टोकाला बॉस, म्हणजे त्या बेटाचा मुख्य शत्रू. सात बेटांमागे आणखी तीन लपलेली आहेत. तिथे जायचं तर सातही बेटांवरचे मोठे हिरे हवेत. मोठा हिरा मिळायचा तर त्या बेटावर सात रंगांचे सात छोटे हिरे जमवून बॉसला हरवायला हवं. ते न करता सातवं बेट संपवलं तर खेळ शेवट दाखवतो, पण तो अर्धवट शेवट आहे.

बहुतेक जण हा खेळ बंदूकबाजीसारखा खेळतात. समोर शत्रू दिसला की बटण दाबायचं, इंद्रधनुष्य त्याला लागतं, तो मरतो आणि फळ पडतं. गुण मिळतात, हिरा मात्र एकही मिळत नाही. हिरा फक्त इंद्रधनुष्याच्या कोसळत्या कमानीखाली सापडलेल्या शत्रूपासून होतो. म्हणजे आधी कमान टाकायची, मग तिच्यावर उडी मारून ती पाडायची.

रंगाचं गणित असं. पडद्याचे डावीकडून उजवीकडे सात अदृश्य उभे पट्टे आहेत. मेलेला शत्रू ज्या पट्ट्यात येऊन पडतो, त्या पट्ट्याचा रंग हिऱ्याला मिळतो. अगदी डावीकडे तांबडा, अगदी उजवीकडे जांभळा. शाळेत पाठ केलेलं तानापिहिनिपाजा इथे जसंच्या तसं कामी येतं: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. कुठल्या जातीचा शत्रू मेला याचा रंगाशी काही संबंध नाही. कुठे पडला एवढंच बघायचं.

सात हिरे कुठल्याही क्रमाने जमले तरी मोठा हिरा मिळतो. याच क्रमाने जमले तर बॉसच्या ठिकाणी चंदेरी दार दिसतं. ते एका गुप्त खोलीत नेतं, आणि तिथे मिळणारं सामर्थ्य कायमचं असतं, म्हणजे लाइफ गेलं तरी टिकतं. एरवीचे पॉवर-अप (ताकद वाढवणाऱ्या वस्तू) मेलं की जातात.

क्रम लावायच्या युक्त्या आणि तो कुठे फसतो, यावर लिहा.

---

नवखा_गडी

छान माहिती. पण माझी गाडी त्याच्या आधीच अडते. कमान टाकून तिच्यावर चढायला गेलो की पायाखालून निघून जाते. वर कसं जायचं?

---

चौकोनी_पिक्सेल

उडी मारून चढत असणार. कमानीवर उडीने पाय आदळला की ती तुटते. चालत गेलं तर टिकते. जमिनीवर उभे असताना इंद्रधनुष्याचं बटण दाबा. कमान तुमच्या पुढ्यातून, तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूला वाकत जाते. उडीच्या बटणाला हात न लावता तिच्यावर चालत जा. माथ्यावर पोचलात की तिथूनच पुढची टाका आणि पुन्हा चालत चढा. अशी जिन्यासारखी मालिका होते.

दोन गोष्टी सांभाळा. कमान थोडा वेळच राहते, नंतर आपोआप विरते. म्हणून माथ्यावर उभं राहून आजूबाजूला बघत बसायचं नाही. आणि कमान पुढे वाकते, त्यामुळे भिंतीला तोंड करून भिंतीलगत टाकलेली कमान चढायला फारशी कामाची नाही. भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच वळा आणि नागमोडी वर जा.

---

तिरकस

आणि हो, घाई नसताना दर मजल्याला कमानी टाकत बसू नका. फळी उडीच्या टप्प्यात असेल तर सरळ उडी मारा. नव्या माणसाचा निम्मा वेळ नको तिथे जिने बांधण्यात जातो.

---

रात्रपाळी

कोसळण्याबद्दल थोडं अजून, कारण धाग्याचा विषय तोच आहे.

कमान कोसळते ती सरळ खाली, आणि वाटेत जे शत्रू येतील त्यांना घेते. खाली दुसरी कमान असेल आणि तिला धक्का लागला तर तीही तुटून पडते. म्हणून एकावर एक दोन-तीन कमानी रचून सगळ्यात वरची फोडली की खालच्या मजल्यावरचा मोठा भाग झाडून निघतो. गुणांसाठी हे उत्तम. क्रमासाठी अजिबात नाही, कारण एकदम चार शत्रू मेले की चार पट्ट्यांत चार हिरे पडतात आणि हवा असलेला एक उचलताना नको असलेल्या तिघांतून वाट काढावी लागते.

क्रम लावायचा असेल तर एका वेळी एक शत्रू आणि एकच कमान.

शत्रूला पट्ट्यात आणायचं कसं? तो आपल्या पायाने येतो. चालणारे शत्रू कमानीला अडून मागे फिरतात. त्यामुळे कमान हे कुंपणही आहे. शत्रूच्या एका बाजूला कमान टाकली की त्याची फेरी आखूड होते. दोन्ही बाजूंना टाकल्या तर तो मधल्या जागेत येरझाऱ्या घालत राहतो. मग वरून तिसरी टाकून फोडायची. अर्थात कुंपण विरायच्या आत.

---

चौकोनी_पिक्सेल

कुंपणाचा मुद्दा महत्त्वाचा. त्याला एक पुरवणी: शत्रू जिथे मरतो तिथेच पडतो असं नाही. धक्का लागला की तो उडतो, गरगरत जातो आणि मग पडतो. रंग ठरतो तो पडण्याच्या जागेवर. म्हणून दोन पट्ट्यांच्या सीमेवर कधी मारू नका. पिवळा हवा असेल तर शत्रू पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध येईपर्यंत थांबा.

---

मधली_सुट्टी

पट्टे अदृश्य आहेत म्हणता, मग मधोमध कळणार कसं? अंदाजाने?

---

चौकोनी_पिक्सेल

मूळ चित्राची रुंदी ३२० पिक्सेल. ३२० भागिले ७ म्हणजे साधारण ४५-४६ पिक्सेलचा एक पट्टा. राउंड फक्त उभा सरकतो, आडवा सरकत नाही, त्यामुळे पट्टे पडद्यावर कायम त्याच जागी राहतात. याचा फायदा घ्यायचा.

पडद्यावर खेळाच्या चित्राची रुंदी पट्टीने मोजा. आजूबाजूची काळी जागा धरू नका, फक्त चित्र. आलेल्या आकड्याला ७ ने भागा. चित्र २८ सेंमी रुंद असेल तर ४ सेंमीला एक खूण, ३५ असेल तर ५ सेंमीला. मॉनिटरच्या खालच्या कडेवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर सहा रेघा मारा आणि सात घरांत ता, ना, पि, हि, नि, पा, जा लिहा. थोड्या सरावाने पट्टीकडे बघावं लागत नाही.

चित्र ताणून रुंद केलेलं असेल तरी चालतं, मोजणी चित्राच्या रुंदीवरच आहे. पण खिडकीत खेळत असाल आणि खिडकी हलवली तर खुणा वाया.

---

मधली_सुट्टी

चिकटपट्टी! भारी. मी उगाच एम्युलेटरमध्ये (जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रेघांचा थर कसा चढवायचा ते शोधत होते.

---

तिरकस

पट्टी वगैरे ठीक. पण क्रमाचा एवढा अट्टहास कशाला? सात रंग कसेही गोळा करा, मोठा हिरा मिळतोच. लपलेली बेटं उघडायला तेवढं पुरतं. क्रमाच्या नादात वेळ जातो, उशीर झाला म्हणून राउंडमध्ये खालून पाणी चढतं, लाइफ जातं. चंदेरी दार दूरच, असलेले पॉवर-अपही घालवून बसतात लोक.

---

रात्रपाळी

सगळ्या बेटांवर क्रम लावा असं कोणीच म्हणत नाही. कायमचं सामर्थ्य जितकं लवकर मिळेल तितकी त्याची किंमत जास्त, हे साधं गणित आहे. पहिल्या बेटावर मिळालं तर पुढची सगळी बेटं वापरता येतं. सातव्यावर मिळालं तर फक्त शेवटच्या तिघांसाठी. आणि पहिलं बेट, म्हणजे इन्सेक्ट आयलंड, सगळ्यात सोपं. तिथे क्रम लावला नाही तर मग कुठे लावणार?

मेल्यावर काय जातं ते बघा. तांबडी बाटली (कमानी एकाच्या दोन, दोनाच्या तीन), पिवळी बाटली (कमान झपाट्याने पसरते) आणि बूट (चाल वाढते). सातव्या बेटावर एक लाइफ गेलं की एका कमानीवर आणि मंद चालीवर येता. तिथून पुन्हा उभं राहणं अवघड. एकाच चुकीत सगळं कोसळतं आणि खेळ तिथेच संपतो. कायमचं काही हाताशी असेल तर ही घसरण थांबते. दाराचा खरा उपयोग हाच.

---

तिरकस

पहिल्या तीन बेटांपुरतं मान्य. त्यापुढे माझं मत तेच.

---

चौकोनी_पिक्सेल

तिरकस यांच्याशी इथे निम्मा सहमत. डोह'ज आयलंडपासून पुढे मीही क्रम सुटला तर सोडून द्या म्हणेन. (डोह म्हणजे 'अर्कानॉइड'मधला तो दगडी चेहरा. पाचवं अख्खं बेट त्याच्यावर आहे, विटांसकट. ताइतोने आपलीच जुनी पोतडी उघडली आहे.)

वेळेचं गणित मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. सात हिरे, चार राउंड. चौथ्याच्या टोकाला बॉस असल्यामुळे तिथे पोचायच्या आत सातही हातात हवेत. म्हणून वाटणी अशी ठेवा:

पहिल्या राउंडमध्ये ता, ना. दुसऱ्यात पि, हि. तिसऱ्यात नि, पा. चौथा फक्त जांभळ्यासाठी आणि मागचं काही राहिलं असेल तर त्याच्यासाठी.

पहिल्याच राउंडमध्ये चार-पाच उरकायचा मोह टाळा. एका राउंडमध्ये दोन म्हणजे शत्रू निवडायला वाव राहतो. तांबड्यासाठी डाव्या भिंतीलगत फिरणारा हेरायचा, जांभळ्यासाठी उजव्या. हे दोन टोकाचे पट्टे सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे शत्रू कमी वेळ असतो आणि कमान टाकायला जागाही एकाच बाजूने मिळते. तांबड्यासाठी उजवीकडून डावीकडे तोंड करून टाका, म्हणजे कमानीचं टोक भिंतीकडे जातं. मग तिच्यावर चढून उडी. जांभळ्याला बरोबर उलट.

---

नवखा_गडी

चुकून दुसराच रंग पडला तर क्रम गेला का?

---

रात्रपाळी

पडल्याने जात नाही, उचलल्याने जातो. नको असलेला हिरा पडला तर त्याला हात लावू नका. थोड्या वेळाने नाहीसा होतो. तोवर त्या बाजूला फिरकायचं नाही. आधीच घेतलेला रंग पुन्हा पडला तर तो बिनधास्त उचला, गुणच मिळतील. बाकी कुठले रंग झाले ते पडद्याच्या तळाशी दिसतं. दर हिऱ्यानंतर एकदा तिथे नजर टाकायची सवय लावा.

---

चौकोनी_पिक्सेल

आणि इथेच सर्वाधिक लोक फसतात, म्हणून ठळक लिहितो. इंद्रधनुष्यही वस्तू उचलतं. कमान एखाद्या फळावर, बाटलीवर, हिऱ्यावरून गेली तर ती वस्तू तुम्हीच उचलली असं धरलं जातं. म्हणजे नको असलेला पारवा हिरा उजवीकडे पडलाय, तुम्ही डावीकडे उभे आहात, उजव्या बाजूने शत्रू आला, सवयीने बटण दाबलं, कमान पसरली आणि पारवा खिशात. पुढचा क्रम बोंबलला.

एका कमानीला हा धोका कमी, तिची पोच कमी असते. तीन कमानी असतील तर एका दाबण्यात पडद्याचा बराच भाग झाकला जातो. जमिनीवर नको असलेला हिरा असेल तर त्याच्याकडे पाठ करून टाका, नाहीतर टाकूच नका, उडी मारून निघा.

---

तिरकस

म्हणजे तांबड्या बाटल्या घेऊ नका म्हणता? हे जरा अती होतंय. तीन कमानी हाच तर या खेळाचा आनंद आहे.

---

रात्रपाळी

घेऊ नका असं नाही, कधी घ्यायची ते ठरवा. तीन कमानींचा दुसराही तोटा आहे. पसरत जाणारी कमान वाटेतल्या शत्रूला थेट मारते आणि थेट मेलेल्याचा हिरा होत नाही. म्हणजे राखून ठेवलेला शत्रू उगाच फळ होऊन पडतो. दोन कमानींवर मला समतोल वाटतो. तिसरी बाटली क्रम पूर्ण झाल्यावर किंवा बॉसच्या आधी. बॉसला अनेक फटके लागतात, तिथे तीन कमानींसारखं दुसरं काही नाही.

पिवळी बाटली आणि बूट मात्र दिसले की घ्या, त्यात तोटा काहीच नाही. खरं तर माझ्या यादीत बूट सगळ्यात वर. जिना चढताना कमान विरायच्या आत माथा गाठणं बुटांनी फार सोपं होतं.

---

तिरकस

दोन कमानी, कबूल. बूट पहिल्या नंबरावर, यालाही +१.

---

मधली_सुट्टी

पाण्याबद्दल कोणी लिहिलंच नाही. शत्रूची वाट बघत राहिलं की 'हरी' (hurry, घाई करा) असा इशारा येतो आणि खालून पाणी. तेव्हा काय करायचं?

---

चौकोनी_पिक्सेल

पळायचं. :)

एका राउंडमध्ये फार वेळ काढला की इशारा येतो आणि मग तळापासून पाणी चढायला लागतं. पाण्याने गाठलं की लाइफ गेलं, वाटाघाटी नाहीत. म्हणून हिऱ्यांचं काम राउंडच्या खालच्या अर्ध्यातच करून घ्या. वरच्या अर्ध्यात फक्त चढाई. इशारा आला त्या क्षणी हिरे विसरा, शत्रू मारणं विसरा, नागमोडी जिना आणि वर. हवा असलेला हिरा पाण्याच्या रेषेजवळ चमकत असेल तर पायाने जायच्या ऐवजी वरूनच त्या बाजूला कमान टाकून बघा. मघाचाच नियम इथे उपयोगी पडतो, कमान वस्तू उचलते.

घाईत होणारी नेहमीची चूक म्हणजे भराभर दोन्ही बटणं बडवणं. उडीने कमान फुटते, तुम्ही खाली, पाणी वर.

---

नवखा_गडी

पहिल्या बेटाचा बॉस कोळी. त्याच्यापाशी सगळी लाइफ संपतात. काही नेमकं तंत्र?

---

रात्रपाळी

कोळ्यापर्यंत पॉवर-अप घेऊन पोचणं हेच निम्मं तंत्र. एक कमान आणि मंद चाल घेऊन गेलात तर लढत लांबते, आणि लढत लांबली की चूक होतेच. बाकी त्याच्या थेट खाली उभं राहू नका, अंतर ठेवून तिरकी कमान टाका, टाकली की लगेच जागा बदला. एकाच कोपऱ्यात अडकून पडायचं नाही. बॉसवर उडी मारून कमान फोडायच्या भानगडीत पडू नका, इथे हिऱ्याचा प्रश्न नाही, थेट फटका पुरतो.

---

झाकली_मूठ

उशिरा येतोय. कुठली आवृत्ती खेळताय ते आधी सांगा, नाहीतर अर्धा सल्ला फुकट. आमिगा, अटारी एसटी, कमोडोर ६४, स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकांवरच्या आवृत्त्या इंग्लंडच्या ग्राफ्टगोल्डने केल्या आणि त्या फार उत्तम आहेत, विशेषतः आमिगाची. पण त्यांत लपलेली तीन बेटं नाहीतच. तिथे खेळ सात बेटांवर संपतो. मॅजिकल, डार्कनेस आणि बबल आयलंड बघायचं असेल तर आर्केडची मूळ आवृत्ती किंवा तिच्याशी प्रामाणिक असलेलं काहीतरी हवं. शेवटच्या बबल आयलंडवर पहिल्या भागातले शत्रू परत भेटतात. पहिला भाग घोटून झालेल्यांना तिथे मजा येते.

नावांचा गोंधळ होतो म्हणून तेही लिहितो. 'स्टोरी ऑफ बबल बॉबल २' म्हणजे हा खेळ. निंटेंडोवरचा १९९३ चा 'बबल बॉबल पार्ट २' वेगळा. आर्केडचा 'बबल सिम्फनी' (१९९४), ज्याला काही ठिकाणी 'बबल बॉबल २' म्हणतात, तोही वेगळा. 'पॅरासोल स्टार्स' हा तिसरा भाग, पीसी इंजिनवरचा, छत्रीवाला. बाजारात 'बबल बॉबल २' एवढंच वाचून काही घेऊ नका.

---

मधली_सुट्टी

आणि 'रेनबो आयलंड्स एक्स्ट्रा'?

---

झाकली_मूठ

तोच खेळ, शत्रूंची मांडणी बदललेली. म्हणजे ओळखीच्या बेटावर अनोळखी शत्रू. मूळ खेळ पाठ झालेल्यांसाठी काढलेला आहे. रंगांचे पट्टे तेच, पण भिंतीलगतचा शत्रू हेरायची तुमची सगळी ठरलेली ठिकाणं बदलतात. जपानी मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीतही तो आहे. आधी मूळ खेळ.

सरळ मार्गाने घ्यायचा तर निंटेंडो स्विचवर 'ताइतो माइलस्टोन्स ३' या संचात 'बबल बॉबल' आणि 'रेनबो आयलंड्स' दोन्ही आहेत, आर्केडचे. काही जुन्या संग्रहांत मुख्य धून बदललेली ऐकू येते. मूळ धून एका जुन्या हॉलिवूड गाण्याच्या फार जवळ जात होती, म्हणून. खेळात फरक नाही, पण कानाला खटकतं.

---

नवखा_गडी

मी संगणकावर मेममध्ये (MAME, आर्केड खेळांचा एम्युलेटर) खेळतोय. कीबोर्डवर कधी कधी बटणच लागत नाही. उडी आणि इंद्रधनुष्य एकदम दाबलं की डावी-उजवी दिशा अडकते.

---

झाकली_मूठ

दोन वेगळी कारणं असू शकतात. मेममध्ये सुरुवातीला बटणं डाव्या कंट्रोल आणि डाव्या ऑल्टवर असतात. विंडोजमध्ये ऑल्ट मध्येच खिडकीच्या मेनूला जाऊन धडकतो. टॅब दाबून मेनू उघडा, इनपुटच्या यादीत या खेळाची बटणं झेड आणि एक्सवर न्या. दुसरं, स्वस्त कीबोर्ड काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या तर एक गिळतात. दिशेच्या बाणाबरोबर झेड आणि एक्स एकदम दाबून बघा. गिळत असेल तर दुसऱ्या दोन कळा निवडा. साधा यूएसबी गेमपॅड असेल तर प्रश्नच मिटला, खेळाला डावं-उजवं आणि दोन बटणं एवढंच लागतं.

बटण दाबणं आणि कमान निघणं यात उशीर जाणवत असेल तर चित्राच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक बंद करून बघा, आणि नव्या मेममध्ये लो लेटन्सीचा पर्याय आहे, तो चालू करा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्ही गेम मोडवर हवा. कमान फोडायची उडी नेमकी बसायला हा उशीर फार नडतो.

आणि मेमसाठी 'जंपिंग' नावाचा खेळाच्या फायलींचा संच दिसला तर तो घेऊ नका. ती याच खेळाची नक्कल आहे, आवाजाची चिपही दुसरी. मूळ संचाचं मेममधलं लघुनाव आरबीआयलँड.

---

सोल्डर

नकलेचा विषय निघालाच आहे तर आर्केड यंत्रातल्या मूळ बोर्डाबद्दल. आत ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी झेड८० आणि यामाहाची वायएम२१५१ चिप. शिवाय ताइतोची सी-चिप. नक्कल रोखण्यासाठी बसवलेला हा एकच मोठा ठोकळा, पण त्याच्या पोटात छोटा मायक्रोकंट्रोलर, इप्रॉम आणि रॅम सगळं आहे. 'ऑपरेशन वुल्फ', 'व्होल्फाइड', 'सुपरमॅन' यांतही सी-चिप आहे, पण प्रत्येक खेळाच्या चिपमधला प्रोग्रॅम वेगळा. म्हणून 'व्होल्फाइड'च्या बोर्डावरची काढून इथे लावली तर चालणार नाही.

या खेळात नाणं आणि बटणांची माहिती सी-चिपमधून जाते. त्यामुळे चित्र व्यवस्थित येतंय पण नाणं घेत नाही, बटणं निर्जीव, असं लक्षण दिसलं तर लगेच वायरिंग उपसू नका. क्रम असा ठेवा: आधी बोर्डाच्या कडेवर, म्हणजे जामा जोडणीच्या (आर्केड बोर्डांच्या प्रमाणित कनेक्टरच्या) जागी, ५ व्होल्ट मोजा. पॉवर सप्लायवर मोजून उपयोग नाही, तारेत आणि कनेक्टरमध्ये व्होल्टेज पडतं. ४.९५ ते ५.०५ च्या मध्ये हवं. त्याहून खाली गेलं की असले बोर्ड अचानक रीसेट होतात किंवा चित्रात कचरा दाखवतात. मग कनेक्टरच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग वीज पूर्ण बंद करून सॉकेटमधल्या चिप एकेक करून उचलून परत बसवा. जुन्या सॉकेटमध्ये पायांवर काळपट थर चढतो आणि संपर्क तुटतो. एवढं करूनही नाणं लागत नसेल तरच सी-चिपवर संशय घ्या.

पडदा आडवा, १५ किलोहर्ट्झचा. उभ्या पडद्याच्या कॅबिनेटमध्ये हा बोर्ड लावायचा असेल तर मॉनिटर आडवा करावा लागेल. खेळ वर सरकतो म्हणून उभा पडदा लागेल असा समज बऱ्याच जणांचा असतो.

---

तिरकस

सोल्डर, हा प्रतिसाद वेगळा धागा काढून तिथेही टाका. इथे खाली दबून जाईल.

पुन्हा मुद्द्यावर. क्रम लावताना मला सगळ्यात नडतो तो हिरवा. मधला पट्टा, दोन्ही बाजूंनी शत्रू येतात, आणि एकाला पाडायला जावं तर दोघे मरतात.

---

रात्रपाळी

मधल्या पट्ट्यासाठी फळी निवडा. पूर्ण रुंदीच्या जमिनीवर हिरवा काढायला जाऊ नका. मध्यावर आखूड फळी असेल आणि तिच्यावर एकच शत्रू फिरत असेल अशी जागा शोधा. तो दोन्ही कडांवरून वळतो, त्यामुळे त्याची फेरी आपोआप मधल्या दोन-तीन पट्ट्यांत बसते. फळीच्या खालून त्याच्याकडे कमान टाकू नका, थेट फटका बसेल. बाजूच्या उंच जागेवर जाऊन त्याच्या डोक्यावरून जाईल अशी टाका, चालत माथ्यावर जा, तो मध्यावर येईपर्यंत थांबा. माथ्यावर फार वेळ थांबता येत नाही हे लक्षात ठेवून, शत्रू कडेवरून मध्याकडे वळल्यावरच कमान टाकायची, आधी नाही. दुसरा शत्रू जवळ असेल तर त्याला आधी थेट मारून मोकळे व्हा. फळ तर फळ.

---

नवखा_गडी

चिकटपट्टी लावली. तांबडा, नारिंगी, पिवळा क्रमाने आले, चौथा पारवा पडला तो न उचलता सोडला. पहिल्या बेटाचा तिसरा राउंड चालू आहे आणि अजून हिरवा, निळा, पारवा, जांभळा बाकी. चौथ्यात एवढे होतील?

---

चौकोनी_पिक्सेल

तिसऱ्यात हिरवा आणि निळा काढलेत तर होतील. चौथ्यात खालच्या अर्ध्यात पारवा, मग लगेच शेजारचा जांभळा. हे दोन पट्टे लागून आहेत, उजवी बाजू सोडूच नका. तांबडी बाटली दिसली तर सध्या राहू द्या.